कलोपचार : रंगरेषांतून मनाची शुश्रूषा

क्षयरोगावर परिणामकारक औषध हाती येण्यापूर्वी त्या रोगाचा इलाज म्हणजे विश्रांती, सकस आहार आणि स्वच्छ हवा एवढाच होता. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे याच विचाराने उभी राहिली. रुग्णाने महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहावे, हालचाल करू नये, मनास त्रास करून घेऊ नये, अशी तेथील शिस्त असे. शरीराला त्यामुळे थोडाफार आराम मिळे. मन मात्र खचत जाई. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात मिडहर्स्ट येथे राजे सातवे एडवर्ड यांच्या नावाचे असेच एक आरोग्यधाम होते. १९३८ साली तेथे एड्रियन हिल नावाचे चित्रकार रुग्ण म्हणून राहिले. पहिल्या महायुद्धात प्रत्यक्ष आघाडीवर जाऊन युद्धचित्रे काढण्याची कामगिरी त्यांनी पार पाडली होती. खाटेवर पडल्या पडल्या ते चित्रे काढू लागले आणि त्यामुळे दिवस सरतो एवढेच नव्हे, तर मनालाही उभारी येते, असे त्यांच्या ध्यानात आले.

पुढच्याच वर्षी त्या आरोग्यधामात व्यवसायोपचार सुरू झाला व इतर रुग्णांना चित्रकला शिकविण्याचे काम हिल यांच्याकडे आले. त्याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले आणि जखमी सैनिकही तेथे येऊ लागले. हातात कुंचला आल्यावर काहींचे लक्ष आजारावरून हटे. काहीजण तोंडाने जे कधी सांगत नसत, ते कागदावर मांडीत. या अनुभवाला हिल यांनी १९४२ साली 'आर्ट थेरपी' असे नाव दिले आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मराठीत या पद्धतीस कलोपचार म्हणता येईल.

हा शब्द अलीकडे आपल्या शाळांतून, रुग्णालयांतून व स्वयंसेवी संस्थांतून बराच ऐकू येतो. जितका ऐकू येतो तितका तो समजून घेतला जातो, असे मात्र नाही. कोठे चित्रकला स्पर्धेलाच कलोपचार म्हटले जाते. कोठे मुलाने आकाश काळे रंगविले एवढ्यावरून त्याच्या मनाचे निदान केले जाते. पहिल्या चुकीने फारसे बिघडत नाही. दुसरीने एखाद्या मुलाचे व त्याच्या घराचे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणूनच ज्यांच्या हाती शाळा, अंगणवाडी वा आरोग्य केंद्र आहे, त्यांनी या पद्धतीचे खरे स्वरूप जाणून घेणे अगत्याचे आहे.

चित्रकलेचा वर्ग नव्हे

महाराष्ट्रातील शिक्षकांना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा परिचित आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशा विषयांत विद्यार्थ्याची तयारी तेथे तपासली जाते. रेषा सफाईदार आहे काय, छायाप्रकाश बरोबर साधला आहे काय, हे पाहून श्रेणी ठरते. परीक्षेचा तो हेतू योग्यच आहे. कलोपचारात मात्र श्रेणी नाही, नमुना नाही आणि चुकीचे चित्रही नाही. ज्याला सरळ रेघ ओढता येत नाही, त्याचाही येथे तेवढाच अधिकार असतो.

मानसोपचार व कला या दोहोंचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती, एक वा अनेक रुग्ण, आणि त्यांच्यामध्ये असलेले चित्र किंवा मातीकाम, अशी ही त्रिकोणी रचना आहे. समुपदेशनात दोन माणसे समोरासमोर बसतात व एकाने दुसऱ्याच्या डोळ्यांकडे पाहून मन उघडे करावे, अशी अपेक्षा असते. कित्येकांना, विशेषतः मुलांना आणि घरी फारसे बोलण्याची सवय नसलेल्या प्रौढांना, हेच अवघड वाटते. चित्र मध्ये असले म्हणजे दोघेही चित्राकडे पाहतात. 'मला भीती वाटते' हे सांगण्यापेक्षा 'या घरातल्या माणसाला भीती वाटते' हे सांगणे सोपे जाते.

हे काम संयमाने कसे करावे याचा धडा एडवर्ड अ‍ॅडम्सन यांनी घालून दिला. हिल यांच्याच प्रयत्नांशी त्यांचा संबंध आला आणि १९४६ मध्ये ते इंग्लंडमधील सरे परगण्यातील नेदर्न या मनोरुग्णालयात दाखल झाले. ती रुग्णालये त्या काळी बंदिस्त होती. मेंदूवरील शस्त्रक्रिया, विजेचे झटके असे उपचार सर्रास चालत. अ‍ॅडम्सन यांनी तेथे चित्रशाळा उघडली. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र चित्रफलक, टेबल व खुर्ची मांडलेली असे. 'काय काढावे' हे ते सांगत नसत, 'असे काढा' म्हणून शिकवीत नसत आणि 'याचा अर्थ असा' म्हणून निष्कर्षही काढीत नसत. ते केवळ तेथे हजर असत. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९८१ पर्यंत, त्यांनी हेच केले. त्यांनी जपून ठेवलेल्या हजारो चित्रांचा संग्रह आज लंडनच्या वेलकम संग्रहालयाकडे आहे. त्यात शौचालयातील कागदावर जळक्या काडीच्या कोळशाने काढलेली चित्रेही आहेत. कोणी कागद दिला नाही, रंग दिले नाहीत, तरी माणूस चित्र काढण्याची वाट कशी शोधतो, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

त्याच वर्षी, १९४६ मध्येच, ब्राझीलच्या रिओ द जानेरो शहरात डॉ. नीसे दा सिल्वेरा या महिला मनोविकारतज्ज्ञाने विजेच्या झटक्यांचा उपचार करण्यास नकार दिला आणि आपल्या रुग्णालयात चित्रकला व मातीकाम यांचे दालन सुरू केले. तेथे जमलेल्या कलाकृतींतून १९५२ साली एक संग्रहालय उभे राहिले. दोन खंडांत, एकमेकांस न विचारता, दोघांनी एकाच दिशेने पाऊल टाकावे हे लक्षणीय आहे.

प्रत्यक्ष बैठकीत काय घडते

बैठक साधारणपणे पाऊण ते दीड तासाची असते. ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच खोली आणि शक्यतो तीच माणसे, हा पहिला नियम. ज्याचे आयुष्य अचानक विस्कटले आहे, त्याला या नेमस्तपणाचाच मोठा आधार वाटतो. टेबलावर पेन्सिली, रंगखडू, जलरंग, जुनी मासिके, कात्री, गोंद, शाडूची माती असे साहित्य मांडलेले असते. त्यांतून रुग्ण काय उचलतो यालाही महत्त्व आहे. पेन्सिल माणसाच्या ताब्यात राहते, खोडता येते. जलरंग पसरतो, ओघळतो, हुकूम मानीत नाही. माती तर हाताला चिकटते, ठोकून घेते, मोडून पुन्हा घडविता येते. ज्याच्या मनात आधीच घालमेल आहे, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी ओले रंग ठेवले तर तो अधिकच गांगरण्याचा संभव असतो. त्याला पेन्सिल किंवा चित्रे कापून चिकटविण्याचे काम अधिक मानवते. उलट, जो स्वतःला फार आवळून धरतो, त्याला हळूहळू मातीकडे वा ओल्या रंगाकडे नेता येते. साहित्य केव्हा व कोणते द्यावे हे जाणणे, हे या शास्त्रातील अर्धे कौशल्य होय.

काम झाल्यावर चित्राविषयी बोलणे होते. कधी होतही नाही. उपचारक 'हे काय काढले आहे?' असे विचारीत नाही, कारण त्या प्रश्नात चित्र समजले नाही अशी तक्रार दडलेली असते. 'या चित्राविषयी सांगाल का?' एवढेच तो विचारतो. उत्तर आले तर ऐकतो, न आले तर थांबतो. चित्र फाडून टाकण्याचा हक्क रुग्णाला असतो. मात्र ते भिंतीवर लावण्याचा हक्क त्याच्या संमतीशिवाय कोणालाही नसतो. एरवी चित्रे नावानिशी कपाटात ठेवली जातात. चार महिन्यांनी ती ओळीने मांडली म्हणजे स्वतःत झालेला बदल रुग्णाला स्वतःच्याच डोळ्यांनी दिसतो. बोललेले शब्द विरून जातात, चित्र राहते. या उपचाराचा हा एक मोठा फायदा आहे.

गुण नेमका कशाने येतो याविषयी जाणकारांत दोन मते आहेत. अमेरिकेतील मार्गारेट नॉमबर्ग यांच्या मते चित्र ही मनाच्या तळाशी असलेल्या गोष्टींची भाषा आहे; चित्राच्या निमित्ताने त्या वर येतात व त्यांवर बोलता येते. मूळच्या व्हिएन्नाच्या ईडिथ क्रेमर यांच्या मते घडविण्याची क्रियाच माणसाला सावरते; राग, दुःख यांना आकार देताना त्यांचा दाह कमी होतो. व्यवहारात दोन्ही गोष्टी घडत असाव्यात.

शरीरशास्त्राने यावर थोडा प्रकाश टाकला आहे. १९९६ साली अमेरिकेत झालेल्या एका लहानशा अभ्यासात, भीषण प्रसंग भोगलेल्या आठ रुग्णांना त्या प्रसंगाची आठवण करून देण्यात आली, तेव्हा वाणीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील रक्तप्रवाह कमी झाल्याचे आढळले. 'दातखीळ बसली', 'वाचा बसली' असे आपण म्हणतो, ते अगदीच अलंकारिक नाही. गिरिजा कैमल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे हवे ते करण्यास रंग, कागद व माती दिली. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित द्रव्य घटले. ज्याला चित्रकला येते व ज्याला येत नाही, त्यांच्यात फरक दिसला नाही. उरलेल्यांमध्ये ते घटले नाही, हेही नोंदविले पाहिजे.

मुले आणि चित्र

क्रेमर यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांची हकिकत या विषयात टाळता येण्याजोगी नाही. जर्मनीतील प्रसिद्ध बाउहाउस कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकर्तीला १९४२ च्या डिसेंबरात नाझींनी चेकोस्लोव्हाकियातील तेरेझिन येथील छावणीत डांबले. तेथील ज्यू मुलांना त्या गुप्तपणे चित्रकला शिकवू लागल्या. कागद मिळेल तो, कचेरीतील वाया गेलेले छापील नमुनेसुद्धा. प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहावे, असा त्यांचा आग्रह असे. छावणीत माणसांना क्रमांक असत, हे ध्यानी घेतले म्हणजे या आग्रहाचा अर्थ कळतो. १९४४ च्या ऑक्टोबरात त्यांना ऑश्विट्झला नेऊन ठार करण्यात आले. जाण्यापूर्वी सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून लपविण्यात आली होती. ती आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रे काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. कलेने त्यांचे प्राण वाचविले असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या खोलीत बसलेल्या तासाभरापुरते ते मूल पुन्हा मूल होत असे.

महाराष्ट्रातही एक उदाहरण आहे. पद्मश्री जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्रकला जगभर पोहोचविली, हे सर्वज्ञात आहे. लहानपणी आईच्या मृत्यूनंतर त्यांचे बोलणेच थांबले होते व धुळीत चित्रे काढून ते आपले म्हणणे इतरांस सांगत, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नसते. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिण्याचे काम परंपरेने स्त्रियांचे. त्या रेषांत या मुलाला आपली वाट सापडली. तेथे कोणी उपचारक नव्हता आणि या घटनेला उपचाराचे नाव देण्याचेही कारण नाही. पण बोलणे बंद झालेल्या मुलाच्या बोटाखालची धूळ कोणी पुसून टाकली नाही, एवढे खरे.

माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) यांसारख्या दुर्घटना घडल्या म्हणजे मदतीच्या यादीत धान्य, भांडी, चादरी असतात, आणि त्या असाव्यातच. मूल मात्र कित्येकदा दोन-तीन महिन्यांनी गप्प होते, अंथरूण ओले करू लागते, शाळेत जाण्यास नकार देते. अशा वेळी वर्गात आठवड्यातून एक-दोन तास कागद व खडू देऊन मुलांना मोकळे बसू देणे हे कोणत्याही शिक्षकाला शक्य आहे. घडलेला प्रसंगच काढा, असा आग्रह मात्र धरू नये. पाहुणे आले म्हणून मुलांना पुन्हा पुन्हा दरड किंवा पूर काढायला लावणे ही निव्वळ क्रूरता आहे. मुलाने फुले काढली तर फुले.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. चित्रावरून मनाचा ठाव लागतो, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. हात नसलेले माणूस काढले म्हणजे मूल असहाय आहे, काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असे ठोकताळे पुस्तकांतून दिलेले असतात. त्यांना भरवशाचा आधार नाही. डब्यात काळाच खडू शिल्लक असेल, तर आकाश काळेच होणार. लैंगिक अत्याचार झाला किंवा नाही हे केवळ चित्रावरून ठरवणे तर सर्वथा गैर आहे. मात्र चित्र दाखविताना मुलाने स्वतः तोंडाने तसे काही सांगितले, तर गोष्ट निराळी. २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायद्यानुसार ती माहिती पोलिसांना कळविणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य ठरते. मुलाला खोदून खोदून विचारू नये. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत. मुलांसाठी असलेल्या १०९८ या हेल्पलाइनचीही मदत घेता येते.

कोणास उपयोग, किती उपयोग

मुलांखेरीज आणखी अनेकांना या पद्धतीचा आधार मिळू शकतो. पक्षाघातानंतर वाचा गेलेले रुग्ण, स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, कर्करोगाचा दीर्घ उपचार घेणारे, व्यसनमुक्तीच्या मार्गावरील माणसे, युद्ध वा हिंसाचार भोगलेले, स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुले, तुरुंगातील बंदी अशा सर्वांसोबत जगात हे काम झाले आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाकडून बरे होण्याची अपेक्षा नसते. दुपारचा एक तास तो शांतपणे व आपल्या इच्छेने काही करतो, हेच तेथे साध्य असते. घरच्या माणसांना त्याची किंमत कळते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला व आरोग्य यांवरील ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात कलेच्या उपयुक्ततेस सर्वसाधारण दुजोरा मिळाला आहे. परंतु दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे होईल. छिन्नमनस्कतेच्या ४१७ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना गटातील कलोपचाराची जोड दिल्याने रुग्णांच्या एकंदर स्थितीत फरक पडल्याचे दिसले नाही. गटात नाव घातलेले बरेच रुग्ण बैठकींना फारसे आलेच नव्हते. ज्याला आवड नाही त्याला चिठ्ठी टाकून चित्र काढायला बसविले तर दुसरे काय होणार, असेही यावर म्हणता येते. पण औषधाची जागा रंगपेटी घेऊ शकत नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाची गोळी कोणी 'आता चित्रे काढतो आहेस ना' म्हणून बंद केली, तर त्याचा परिणाम घातक होईल.

उपचारक कोण असावा हा प्रश्नही येथेच येतो. ब्रिटनमध्ये १९६४ साली व अमेरिकेत १९६९ साली कलोपचारकांच्या संघटना स्थापन झाल्या. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर प्रशिक्षण व कायद्याने नोंदणी असल्याखेरीज कोणालाही हे नाव लावता येत नाही. भारतात २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोग कायद्याच्या अनुसूचीत कला व नृत्य यांद्वारे उपचार करणाऱ्यांचा उल्लेख आला आहे. तथापि आठवड्याभराच्या शिबिराचे प्रमाणपत्र घेऊन फलक लावणारेही आढळतात. शाळा वा संस्था अशा व्यक्तीस बोलावणार असेल, तर तिचे शिक्षण काय, ती कोणाच्या देखरेखीखाली काम करते आणि प्रकरण गंभीर वाटल्यास कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवते, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

गावपातळीवर काय करता येईल

प्रशिक्षित कलोपचारक तालुक्याच्या ठिकाणीही मिळणे आज कठीण आहे. उपचार आणि उपचारासारखी मोकळीक, हा भेद पाळून पुष्कळ करता येते. अंगणवाडीची एक भिंत खालच्या तीन फुटांपर्यंत काळ्या रंगाने रंगवून तेथे खडू ठेवले, तर खर्च किरकोळ आहे. कुंभाराकडील माती फुकट मिळते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात दुपारच्या वेळी वृद्धांसाठी रांगोळी, गोधडीचे तुकडे जोडणे, कागदकाम असा तास ठेवता येईल. स्त्रियांच्या हातात ती कला पूर्वीपासून आहेच. शिक्षकाने या तासाला गुण देऊ नयेत, मुलांच्या चित्रांची तुलना करू नये व 'छान' म्हणण्याऐवजी 'येथे तू पुष्कळ निळा वापरलास' असे जे दिसते ते बोलावे. छान म्हटले की मूल पुढचे चित्र शिक्षकासाठी काढू लागते.

मूल महिनाभर बोलत नाही, खाणे-झोप बिघडली आहे, स्वतःस इजा करते किंवा मरणाची भाषा करते, असे दिसल्यास कागद-खडूवर विसंबून राहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथके शाळा व अंगणवाड्यांना भेट देतात. त्यांच्याकडे असे मूल आवर्जून दाखवावे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक, तसेच ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये यांच्याकडे पुढील सोय आहे. २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसाच्या कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो व मराठीत बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.